पडद्यावरचा व्हिडिओ नेमका कुठे पकडायचा?

संगणक आतून : लेखांक १२

नील आर्मस्ट्राँगचं चंद्रावरचं पहिलं पाऊल जगाने टीव्हीवर पाहिलं, ते एका पडद्याचं चित्रण होतं. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ चा कॅमेरा सेकंदाला १० चित्रं पाठवत होता, प्रत्येक चित्र ३२० रेषांचं. अमेरिकेतल्या टीव्हीला मात्र सेकंदाला ३० चित्रं आणि ५२५ रेषा लागत. म्हणून चंद्रावरून आलेलं चित्र पृथ्वीवरच्या केंद्रात एका मॉनिटरवर उमटवलं जाई आणि त्या मॉनिटरवर दुसरा टीव्ही कॅमेरा रोखलेला असे. सावल्यांमधले कितीतरी बारकावे या एका टप्प्यावर गळाले. मूळ संदेशाच्या टेप नासाने पुढे खूप शोधल्या. त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष २००९ मध्ये जाहीर झाला. आज जगाकडे आहेत त्या प्रसारणाच्या प्रती, आणि ऑस्ट्रेलियातल्या हनीसकल क्रीक केंद्रावर एका तंत्रज्ञाने स्वतःच्या ८ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने मॉनिटरवरून टिपलेली फिल्म.

संगणकावर चाललेला व्हिडिओ टिपायला आता कॅमेरा लागत नाही. प्रश्न मात्र तोच आहे: चित्र वाटेत कुठे पकडायचं?

ती वाट अशी असते. फाइल किंवा इंटरनेटवरून आलेला प्रवाह दाबून लहान केलेला असतो. डिकोडर तो उलगडून एकेक पूर्ण चित्र तयार करतो. मग ग्राफिक्स कार्ड सगळ्या खिडक्या, मेन्यू आणि माउसचा बाण एकत्र रचून एकच अखंड चित्र बनवतं आणि ते केबलमधून मॉनिटरकडे जातं. स्क्रीन रेकॉर्डर बहुतेक वेळा हे रचलेलं चित्र उचलतो, म्हणजे वाटेच्या जवळजवळ शेवटी.

विंडोज एक्सपीच्या काळात तिथेच गफलत होई. संगणकांची ताकद बेताची असल्याने व्हिडिओ ‘ओव्हरले’ नावाच्या वेगळ्या मार्गाने थेट मॉनिटरकडे जात असे. डेस्कटॉपच्या चित्रात प्लेअरच्या जागी फक्त एका ठरावीक रंगाचा चौकोन भरलेला असे आणि ग्राफिक्स कार्ड त्या रंगावर व्हिडिओ उमटवत असे. कोणी प्रिंट स्क्रीनचं बटण दाबलं तर हाती तो कोरा चौकोनच येई. ते चित्र पेंटमध्ये चिकटवून योग्य जागी सरकवलं आणि मागे प्लेअर चालू असला, तर व्हिडिओ चक्क पेंटमध्ये चालताना दिसे! अनेकांना तो चमत्कार वाटला. व्हिस्टापासून विंडोजने खिडक्या रचण्याची पद्धत बदलली आणि २०१२ च्या विंडोज ८ ने रेकॉर्डरना तयार चित्र उचलण्याची अधिकृत सोय दिली.

चित्र उचलणं सोपं झालं, तरी ते साठवणं अवघडच आहे. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात. एका ठिपक्याला तीन बाइट धरले, तर एक चित्र साधारण ६.२ मेगाबाइटचं होतं. सेकंदाला ३० चित्रं म्हणजे १८६ मेगाबाइट. तासाभराचं भाषण साठवायला ६७० गिगाबाइट लागतील. म्हणून रेकॉर्डर चालू असतानाच एच.२६४ सारखी पद्धत वापरून चित्रं दाबतो. आधीच्या चित्रापेक्षा जे बदललं, मुख्यतः तेवढंच तो साठवतो. स्थिर स्लाइडची फाइल त्यामुळे छोटी होते, तर क्रिकेट सामन्याची फुगते.

मराठी शिक्षकांनी ध्यानात घ्यावी अशी एक गोष्ट इथे आहे. जागा वाचवण्यासाठी बहुतेक व्हिडिओंत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीच्या चौथ्या हिश्शाइतकीच ठेवली जाते. निसर्गदृश्यात ते जाणवतही नाही, पण निळ्या पाटीवर लाल बारीक अक्षरं असली की कडा फिसकटतात. देवनागरीत अनुस्वाराचा ठिपका, रफार आणि जोडाक्षरातली अर्धी अक्षरं सर्वांत आधी बिघडतात. पांढऱ्यावर काळी, ठसठशीत अक्षरं घेतली तर हा त्रास बराच कमी होतो.

साधनं आता मुबलक आहेत. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये २०२३ पासून रेकॉर्डिंग आहे, मॅकवर २०१८ पासून शिफ्ट-कमांड-५ आहे. गंभीरपणे काम करणाऱ्यांनी मात्र ओबीएस स्टुडिओ शिकून घ्यावं. २०१२ मध्ये सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं आणि मायक्रोफोनचा व संगणकातला आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतं. संगणकातला आवाज आतूनच घ्यावा. स्पीकरमधून बाहेर येऊन मायक्रोफोनमध्ये शिरलेल्या आवाजाबरोबर पंख्याची घरघरही येते. फाइल एमकेव्ही प्रकारात ठेवलेली बरी. नेहमीच्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. मधेच वीज गेली तर सगळं रेकॉर्डिंग उघडेनासं होऊ शकतं. एमकेव्हीमध्ये तोवरचा भाग वाचतो आणि नंतर दर्जा न घटवता त्याचं एमपी४ करता येतं.

चित्रपटांच्या सशुल्क सेवा रेकॉर्ड करू पाहणाऱ्याला अनेकदा काळा पडदा दिसतो. तो बिघाड नसतो. वाइडव्हाइन, प्लेरेडी, फेअरप्ले या संरक्षण-व्यवस्थांत उलगडलेली चित्रं ग्राफिक्स कार्डाच्या राखीव स्मृतीत ठेवता येतात. रेकॉर्डरला तिथे प्रवेश नसतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ खासगी वापर, संशोधन, समीक्षा यांसाठी वाजवी वापराला मुभा देतं. २०१२ मध्ये आलेलं कलम ६५ए मात्र हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगतं. कुलूप तोडून मिळवलेला चित्रपट वाटत फिरणं हा त्या चित्रपटासाठी राबलेल्या माणसांवर अन्यायच आहे. व्हिडिओ कॉल टिपतानाही समोरच्याची परवानगी आधी घ्यावी.

आणि मूळ फाइल मिळत असेल, तर पडद्यावरून टिपूच नये. वेबसाइटवरचा व्हिडिओ एकदा दाबलेला असतो. रेकॉर्डर तो पुन्हा दाबतो आणि दर्जा आणखी उतरतो. व्याख्यान देणाऱ्याकडे किंवा आयोजकांकडे मूळ फाइल मागितली, तर बरेचदा ती आनंदाने मिळते.

थेट प्रक्षेपण, आजोबांशी झालेला व्हिडिओ कॉल, विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा यांची मूळ फाइल बहुधा कोणाकडेच नसते. वाचकांनी अशा वेळी आधी अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग करावं, ते थांबवून उघडून पाहावं, दोन्ही बाजूंचा आवाज आला आहे का ते कानाला हेडफोन लावून ऐकावं, आणि मगच खरी सुरुवात करावी.