अकरा महिन्यांचा करार अन् इतर गैरसमज

रोडपालीत तळोजा एमआयडीसीत किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजारात नोकरी धरून भाड्याने राहणारे पुष्कळ. शेजारी सिडकोच्या आणि जमीन संपादित झालेल्यांसाठीच्या साडेबारा टक्के योजनेच्या भूखंडांवर उभ्या राहिलेल्या इमारती. इथे कायद्याचे प्रश्न बहुतेक घरावरूनच निघतात आणि त्यांची उत्तरं एजंट किंवा शेजारी देतात. त्यातली काही तपासून पाहू.

गैरसमज : करार अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी केली की पुरे.
वस्तुस्थिती : एका वर्षापर्यंतच्या भाडेपट्ट्याला नोंदणी नको, हा १९०८च्या नोंदणी कायद्यातला नियम लोकांच्या डोक्यात पक्का बसला आहे. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९चं कलम ५५ सांगतं, की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदवलेला करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं ठरवायचं ओझं मालकावर. म्हणजे खर्च वाचवणारा मालकच अडचणीत येतो. आणि खर्च तरी किती? मुद्रांक शुल्क मुदतीतलं एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वार्षिक दहा टक्के व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का. भाडं पंधरा हजार, डिपॉझिट पन्नास हजार धरलं, तर अकरा महिन्यांचे सव्वाचारशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. आधार आणि अंगठ्याचा ठसा देऊन ही नोंदणी घरबसल्याही होते.

गैरसमज : मुदत संपली की मालक सामान बाहेर काढून कुलूप लावू शकतो.
वस्तुस्थिती : नाही. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४प्रमाणे मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. मात्र मुदतीनंतरही घर न सोडणाऱ्याला भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, हे भाडेकरूनेही लक्षात ठेवावं.

गैरसमज : कुलमुखत्यारपत्र घेतलं, पैसे दिले, फ्लॅट आपला झाला.
वस्तुस्थिती : केवळ कुलमुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केलं. सिडकोची जमीन बहुधा भाडेपट्ट्यावर दिलेली असते. म्हणून नोंदवलेल्या खरेदी कराराबरोबरच सिडकोच्या दप्तरी हस्तांतरण कोणाच्या नावे झालंय, हेही पाहा. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरची इमारत असेल, तर मूळ वाटपापासून आजच्या विक्रेत्यापर्यंतचे सगळे कागद मागा. मधला एक जरी गहाळ असेल, तर तो मिळेपर्यंत बयाणा देऊ नका.

गैरसमज : सोसायटीत नॉमिनी लावलाय, म्हणजे फ्लॅट त्याचाच.
वस्तुस्थिती : नॉमिनी वारसांच्या वतीने सांभाळ करणारा. सोसायटी त्याला तात्पुरता सदस्य करून घेते, मालकी मात्र मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. ते करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. ज्याला वाटा मिळणार, त्याला साक्षीदार करू नका.

गैरसमज : हद्द दुसऱ्या ठाण्याची असेल तर तक्रार घेत नाहीत.
वस्तुस्थिती : गुन्हा कळंबोलीच्या हद्दीत घडला की तळोज्याच्या, हा वाद पोलिसांचा. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या.

गैरसमज : वकील परवडत नाही, म्हणून गप्प बसावं.
वस्तुस्थिती : १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कोठडीतील व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. पनवेल न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीत चौकशी करा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

यातली बहुतेक भांडणं कागदाने टळतात किंवा कागदानेच सुटतात. तेव्हा सही करण्याआधी करार पूर्ण वाचा, नोंदणी क्रमांक तपासा आणि पैसे रोखीने न देता बँकेतूनच द्या.