पिकअपला पाटा वाढवला, पण वजन वाढलं का? हौद्यावर केबिन बसवण्याआधी हे वाचा

करमाळा तालुक्यातलं केम गाव कुंकवासाठी ओळखलं जातं. त्याच तालुक्यात उजनीच्या पाण्यावर कंदर भागात केळीच्या बागा उभ्या आहेत. कुंकवाच्या गोण्या असोत की केळीचे घड, गावातून निघणारा माल बहुतेक वेळा पिकअपच्या हौद्यातच चढतो. गाडी मागून बसायला लागली की मालक गॅरेजवाल्याला एकच गोष्ट सांगतो, "पाटा वाढव."

आता याच पिकअपवर राहण्याची केबिन, नाश्त्याची गाडी किंवा पाण्याची टाकी बसवण्याचा विचार अनेक जण करत आहेत. आपल्याकडे 'कॅम्पर' म्हटलं की डबल केबिनची बोलेरोच आठवते. पण इथे विषय झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीचा आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. २०२२ मध्ये महिंद्राने बोलेरो कॅम्पर गोल्डवर अशी गाडी तयार करण्यासाठी 'कॅम्परव्हॅन फॅक्टरी' या कंपनीशी करार केला. कंपनी हे काम चाचण्या करून करते. गावातल्या गॅरेजमध्ये मात्र त्याची सुरुवात आणि शेवट पाट्यावरच होतो.

पाटा वाढवल्याने नेमकं काय होतं?

पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलवर एकावर एक रचलेले कमानपाटे असतात. समान जाडीचे ५ पाटे असतील आणि त्यात तसाच सहावा घातला, तर ताठपणा साधारण २० टक्के वाढतो. जाडीचा हिशेब वेगळा आहे. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ८ मिमीऐवजी १० मिमीचा पाटा टाकला तर तो एकटा जवळपास दुप्पट ताठ असतो. 'थोडा जाड टाकू' हे म्हणूनच थोडकं काम नसतं.

एवढं करून गाडी बसायची थांबते. पण अ‍ॅक्सल, बेअरिंग, चासी, टायर आणि ब्रेक जुनेच राहतात. गाडी किती खचते आणि गाडी किती पेलते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पाटा फक्त पहिल्याचं उत्तर देतो.

टायरचंच पाहा. टायरच्या कडेला लोड इंडेक्स छापलेला असतो. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०८ म्हणजे १,००० किलो. मागे १०० इंडेक्सचे दोन टायर असतील तर तिथली कमाल मर्यादा १,६०० किलो, आणि त्यात गाडीचं स्वतःचं मागचं वजनही आलं.

ब्रेकचा काय संबंध?

ही गोष्ट गॅरेजमध्ये क्वचितच सांगितली जाते. काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकसाठी लोड-सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. चासी आणि अ‍ॅक्सल यांच्यातलं अंतर पाहून तो भार ओळखतो. गाडी खाली बसली की भार जास्त, म्हणून मागच्या चाकांना ब्रेकचा दाब जास्त. पाटे वाढवून गाडी उंच केली, तर पूर्ण भरलेली गाडीही या व्हॉल्व्हला रिकामीच वाटते. तो मागचा दाब कमी ठेवतो. टेंभुर्णीला पुणे-सोलापूर महामार्गावर चढल्यावर भरल्या गाडीला अचानक थांबावं लागलं, तर त्याचा परिणाम कळतो. पाट्याचं काम केल्यावर हा व्हॉल्व्ह जुळवून घ्यायलाच हवा.

माल वाहणाऱ्याला आणि केबिनवाल्याला एकच उपाय का चालत नाही?

केळीची गाडी जाताना भरलेली, येताना रिकामी असते. तिला कायमचे ताठ पाटे बसवले तर रिकामी गाडी मागून उड्या मारते, ब्रेकमध्ये चाकाची पकड सुटते. अर्धा माल असेल तर हादरे केळीला बसतात. अशा गाडीला हेल्पर पाटा बरा. ठरावीक भार येईपर्यंत तो कामालाच लागत नाही.

केबिनचं उलट आहे. ती दिवसरात्र अंगावर असते, त्यामुळे त्या कायम वजनाला जुळणारे पाटे आणि त्यांना साजेसे शॉकअप बसवणं योग्य. परदेशात अशा गाड्यांना अ‍ॅक्सल आणि चासीमध्ये हवेच्या पिशव्याही लावतात, दाब कमी-जास्त करता येतो. मात्र उंच केबिनचं वजन वर असतं. वळणावर गाडी कलते आणि अर्धी भरलेली टाकी त्यात हेलकाव्याची भर घालते. टाकी खाली आणि शक्यतो अ‍ॅक्सलच्या पुढे ठेवलेली बरी.

हिशेब कसा करायचा?

समजा आरसीवर एकूण वजन ३,००० किलो आणि रिकाम्या गाडीचं १,७०० आहे. हातात १,३०० किलो उरले. लोखंडी केबिन ६००, २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, चालकासह तिघे २००, गॅस-बॅटरी-अंथरूण १५०. झाले १,१५०. प्रवासाच्या सामानाला १५० किलोच शिल्लक. पत्रा जाड घेतला की तेही गेले. म्हणून केबिन बसवल्यावर सगळ्यात आधी गाडी वजनकाट्यावर न्यावी. जमल्यास फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन वेगळं वजनही करावं. काट्याची पावती गॅरेजवाल्याच्या अंदाजापेक्षा केव्हाही खरी.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतल्या तपशिलाशी आणि उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२अ मध्ये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आहे. मर्यादेपेक्षा जास्त वजनाला कलम १९४ लागतं: २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्चही मालकाचाच.

ऑस्ट्रेलियात प्रमाणित किट बसवून गाडीचं एकूण वजन अधिकृतपणे वाढवून घेता येतं, पण तिथेही प्रमाणपत्र लागतंच. आपल्याकडे चार पाटे वाढवून आरसीवरचा आकडा हलत नाही. अपघात झाला तर विमा कंपनीही तोच आकडा पाहते.

गाडी अजून घ्यायची असेल तर?

मग आधी वजन ठरवा, गाडी नंतर. २०२३ मध्ये आलेल्या बोलेरो मॅक्स पिकअपच्या मालिकेत १.३ ते २ टनांपर्यंतचे पर्याय आहेत, टाटाची योद्धा २.० ही २ टनांची आहे. गाडी आधीच दारात असेल, तर केबिनचा आराखडा घेऊन आरटीओत विचारणा करावी, मगच पत्रा कापायला द्यावा. पाट्याचं काम केलं असेल तर काही दिवस गाडी चालवल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. नवे पाटे एकमेकांवर बसले की ते सैल पडतात.