मोह येतो साधूच्या वेषात

फाल्गुन वद्य षष्ठी समीप आली की छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणारा रस्ता टाळमृदंगांच्या गजराने दुमदुमू लागतो. आमचे चितेगाव याच रस्त्यावर, बिडकीनच्या अलीकडे वसलेले. एके काळी दूरचित्रवाणी संचांच्या कारखान्याचे गाव म्हणून लोक त्यास ओळखीत. परंतु षष्ठीपूर्वीच्या या दिवसांत त्याची ओळख एकच, नाथांच्या वाटेवरील विसावा.

गतवर्षी वारकऱ्यांना पाणी देण्यासाठी आम्ही रस्त्याकडेला उभे होतो, तेव्हा आमच्या शेजारी एक सेवानिवृत्त गुरुजी उभे होते. ते ख्रिस्ती. ऊन चढले तरी त्यांच्या पोटात अन्नाचा कण गेला नव्हता. विचारता म्हणाले, "आमचा उपवासकाळ चालू आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार वगळून चाळीस दिवस." नाथषष्ठी बहुतेक वर्षी याच चाळीस दिवसांत येते, हे इतक्या वर्षांच्या शेजारातही आमच्या ध्यानी आले नव्हते!

हे चाळीस दिवस एका परीक्षेच्या स्मरणाचे. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत ती कथा विस्ताराने आली आहे. बाप्तिस्मा घेतल्यावर येशू अरण्यात गेला, चाळीस दिवस निराहार राहिला, आणि भुकेने व्याकूळ झाला असता सैतान त्याच्यापुढे उभा ठाकला. दगडांच्या भाकरी कर, हा पहिला मोह. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला वरच्यावर झेलतील, हा दुसरा. तिसरा जगातील सर्व राज्यांचा. मोबदल्यात केवळ एक दंडवत. यांतील दुसरा मोह आम्हांस सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो, कारण तेथे सैतान प्रत्यक्ष धर्मग्रंथातील स्तोत्राचा आधार देतो! येशूनेही उत्तर दिले ते शास्त्रातूनच. देवाची परीक्षा पाहू नये, एवढेच. भाकरी केली नाही, उडी टाकली नाही, चमत्कार दाखविला नाही.

ख्रिस्तचरित्र मराठीस परके नाही. मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यास आले आणि त्यांनी ते ओवीबद्ध मराठीत सांगितले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली रोमन लिपीत छापले गेले. नाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका काशीस पूर्ण केली ती 1573 साली. म्हणजे स्टीफन्स गोव्यात मराठी शिकत होते, तेव्हा नाथ पैठणात कीर्तन करीत होते. या दोघांची भेट घडती तर, अशी एक हुरहुर आम्हांस उगाच वाटत राहते.

नाथांच्या त्या टीकेत, एकनाथी भागवतात, याच विषयाची दोन स्थळे आहेत. चौथ्या अध्यायात नर-नारायण ऋषींचा तपोभंग करण्यास इंद्र कामदेवाला अप्सरांसह बदरिकाश्रमी धाडतो. ऋषी मोहत नाहीत, हे सर्वांस ठाऊक. पण ते रागावतही नाहीत, आलेल्यांचे आतिथ्यच करतात, याकडे आपले लक्ष क्वचित जाते. भूक, तहान, थंडी, काम यांचा अपार सागर तरून गेलेले तपस्वी क्रोधापायी गाईच्या खुराएवढ्या खळग्यात बुडतात, असा दाखला तेथे आला आहे. नाथांच्या घरचीच गोष्ट पाहा ना. मुलाच्या मुंजीसाठी अडलेल्या एका ब्राह्मणाला कोणी द्रव्याचे आमिष दाखविले, की नाथांना चिडवून दाखव. तो पायताणांसह आत शिरला, नाथांच्या मांडीवर बसला, आणि गिरिजाबाई वाढण्यास वाकल्या तो त्यांच्या पाठीवर चढला. नाथ म्हणाले, ब्राह्मण पडेल, सांभाळ. बाई म्हणाल्या, हरीला पाठीवर घेऊन काम करण्याची मला सवय आहे. पुढे त्याची अडचण कळली तेव्हा नाथांना वाईट वाटले ते हेच, की आधी सांगता तर आपण रागावलो असतो आणि त्याचे काम झाले असते!

दुसरे स्थळ पंधराव्या अध्यायातील. श्रीकृष्ण उद्धवाला अणिमादी सिद्धींचे वर्णन करून सांगतात आणि वर बजावतात की उत्तम साधकाला या सिद्धी विघ्नरूपच आहेत, त्यांत आयुष्य वाया जाते. दोन्ही धर्मांची तत्त्वे एकच आहेत, असे म्हणण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. परंतु चमत्काराच्या मोहाविषयी दोन्हीकडे सारखीच सावधगिरी आहे, हे खरे.

हे आम्ही बोललो तेव्हा गुरुजी काही वेळ गप्प राहिले. मग हलक्या आवाजात त्यांनी आपली हकीकत सांगितली. काही वर्षांपूर्वी त्यांची पत्नी आजारी असता एक उपदेशक घरी येऊ लागला. हाती पवित्र शास्त्र, मुखी वचने. औषध घेणे म्हणजे देवावर अविश्वास, असे त्याने बाईंच्या मनावर बिंबविले. गोळ्या बंद झाल्या. प्रकृती ढासळली तेव्हा त्याने दोष दिला तो गुरुजींच्या श्रद्धेला. मुलीने आईला वेळीच दवाखान्यात नेले, म्हणून त्या वाचल्या. "वचने सगळी खरी होती हो," गुरुजी म्हणाले, "म्हणून तर मी फसलो."

आम्हांस त्यांना उपदेश करण्याचा अधिकार नव्हता. आमच्याही घरी, धाकट्या मुलाच्या दुखण्यात, भगव्या वस्त्रांतील एका महाराजांनी अनुष्ठानासाठी पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवावयास लावल्या होत्या. त्यांच्याही मुखी गीता होती. रावण यतीच्या वेषात आला, कालनेमी मुनी होऊन बसला, हे आम्ही लहानपणापासून कीर्तनांत ऐकलेले. तरी वेळ आली तेव्हा आम्ही झोळीकडेच पाहिले, हाताकडे नाही. चमत्काराच्या नावाने फसविणे हा महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो सर्व धर्मांच्या भोंदूंना लागू आहे. पण तक्रार करण्याचे धैर्य ना गुरुजींनी दाखविले, ना आम्ही.

खऱ्याची पारख कशी करावी, याविषयी गुरुजींनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव घेतले. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. धर्मांतर पैशासाठी होते, हा आक्षेप त्या काळी सर्रास घेतला जाई. त्याच टिळकांनी 1917 साली मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. तुकोबांचे आपल्यावरील ऋण त्यांनी कधी लपविले नाही. आणि त्यांचा तापट स्वभाव? तो लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रां'त मोकळेपणाने लिहून ठेवला आहे. आमच्या घरी आलेल्या महाराजांचा एकही दोष त्यांच्या शिष्यांच्या तोंडून आम्ही ऐकला नव्हता. तेथेच आम्हांस शंका यावयास हवी होती.

बोलता बोलता श्रीखंड्याची गोष्ट निघाली. नाथांच्या घरी बारा वर्षे कावडीने पाणी वाहणारा तो गडी म्हणजे साक्षात द्वारकाधीश, ही आपली श्रद्धा. पैठणच्या नाथवाड्यातील रांजण तुकाराम बीजेपासून भाविक आजही भरतात, आणि तो भरून वाहू लागला की देव आला असे मानतात. गुरुजी म्हणाले, "आमच्याकडेही शुभ शुक्रवारच्या आदल्या दिवशी पाय धुण्याचा विधी असतो. येशूने कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले होते."

इतक्यात पुढची दिंडी येऊन ठेपली. डोईवर तुळशीवृंदावन घेतलेली एक वृद्धा थांबली. गुरुजींनी वाकून तांब्या पुढे केला आणि म्हणाले, "घ्या माउली, सावकाश घ्या." पाणी पिऊन तिने त्यांच्या पायांस हात लावला, त्यांनी तिच्या. दिंडी बिडकीनकडे निघून गेली तेव्हा पिंपाचा तळ दिसू लागला होता, आणि गुरुजी दोन्ही हातांत घागरी घेऊन हापशाच्या वाटेला लागले होते.