लक्ष कुठे असतं तुझं?

हे वाक्य मी मुलीला किती वेळा ऐकवलं, याची मोजदाद नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं ब्राँझपदक जिंकलं आणि आमच्या घरात नेमबाजी शिरली. कन्या बारा वर्षांची. क्लबमधली सामायिक एअर रायफल घेऊन सराव करायची. चार महिने झाले, तरी तिचे छर्रे डावीकडेच जात. एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, मी सोडते." मी चिडलोच.

तिथल्या वयस्क प्रशिक्षकांनी मला बाजूला घेतलं. "अहो, पोरीचं लक्ष ठीक आहे. दस्ता तिच्या मापाचा नाही." त्यांनी तिला नेम धरून डोळे मिटायला लावले आणि चार श्वासांनंतर उघडायला सांगितलं. रायफल आपसूक डावीकडे वळली होती! म्हणजे ती दर वेळी हाताच्या जोराने नळी ओढून नेमावर आणत होती. घोडा दाबताना स्नायू जरा सैल पडले की नळी परत आपल्या जागी.

दहा मीटरवरचा दहा गुणांचा ठिपका असतो अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. दोन साइट्समध्ये ७० सेंटिमीटर अंतर धरलं, तर तिथली मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याची चूक लक्ष्यावर सुमारे दीड मिलिमीटर होते. म्हणून भार स्नायूंवर नको, हाडांवर हवा. झोपून नेम धरताना दंडाला पट्टा असतो, गुडघ्यावर बसताना घोट्याखाली छोटी गुंडाळी. उभ्याने मात्र आधार आपल्याच कमरेचा. दस्ता लांब असला की मान ताणते, गाल टेकत नाही आणि डोळा दर वेळी वेगळ्या जागी येतो. जुन्या लाकडी दस्त्यांची आणखी एक तऱ्हा. पावसाळ्यात लाकूड फुगून नळीला टेकलं की नेम सरकतो. म्हणून हल्ली ॲल्युमिनियमचे, स्क्रूने कमी-जास्त होणारे दस्ते आले.

सरांनी दस्ता आखूड केला, गालाची पट्टी उचलली, तिचे पाय जरा फिरवले. छर्रे लगेच दहात गेले नाहीत. पण एका जागी जमू लागले.

त्या रात्री ती अभ्यासाला बसली होती. खुर्चीवरून तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. इतकी वर्षं ते मला दिसलंच नव्हतं. लक्ष कुठे होतं माझं?