स्टिक उचलल्यानंतर

"मारू नकोस गं. टेकव आणि सोड," सर म्हणाले. ड्रमसेटवर बसलेली मुलगी अकरावीतली. मनगटात जोर भरपूर, आणि तो सगळा लय धरणाऱ्या राईड सिंबलवर उतरत होता. माहीममधल्या त्या तळघराच्या भिंतींना आवाज अडवायला जुने गालिचे ठोकलेत. त्यांच्या ओलसर वासात धातूचा एक तुरट वास मिसळलेला असतो. सिंबल हाताळला की तो बोटांना लागतो आणि घरी जाईपर्यंत सुटत नाही.

मला तिथे नेलं ते सिंबलच्या एका क्रॅशने. जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममधली ‘सो व्हॉट’ ही रचना मार्च 1959 मध्ये न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित झाली. डेव्हिसचा ट्रम्पेट सोलो सुरू करतो, नेमक्या त्या क्षणी ड्रमर जिमी कॉब सिंबलवर एक आघात करतो. आवाज फुटतो, पसरतो, आणि ट्रम्पेटचे पहिले स्वर त्या ओसरत्या झंकारातून पुढे येतात. सोलोबद्दल पानंच्या पानं लिहिली गेली. मी मात्र दर वेळी त्या क्रॅशपाशी थांबते. असा आघात हाताने नेमका कसा होतो, ते जवळून पाहायचं होतं.

सरांनी उभं आयुष्य ऑर्केस्ट्रात आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये काढलं. ते उठले आणि स्टँडवरचा विंग-नट दोन फेरे सैल केला. "एवढा आवळलास तर हा हलणार कसा? आणि हलला नाही तर बोलणार कसा?" मग माझ्याकडे वळून सिंबलवर नख वाजवलं. "80 टक्के तांबं, 20 टक्के कथील. या 20 मुळे आवाज, आणि या 20 मुळेच तडा."

आपल्याकडे तळपायाला तूप चोळायची काशाची वाटी असते, तिच्याच कुळातला हा धातू. 1623 पासून इस्तंबूलमध्ये आणि पुढे अमेरिकेत झिल्जियान घराणं याच मिश्रणाचे सिंबल बनवत आलं आहे. कथील इतकं असलं की धातू ठिसूळ होतो. म्हणून तो तापवायचा, लाटायचा, पाण्यात बुडवायचा, मग ठोकायचा. इतकं सोसून आलेल्या पत्र्यावर स्टिक सरळ आदळत राहिली तर काठाला चीर पडते. सरांच्या कोपऱ्यात असे चिरलेले सिंबल रचून ठेवलेत. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ते आधी तिकडे नेतात आणि 80-20 सांगतात.

त्यांनी एक ठोका दिला तेव्हा मी कान अगदी जवळ नेला. पहिल्यांदा ऐकू येतो लाकडाचा टणक ‘टक्’, त्याच्या पाठोपाठ खालचे, भरदार स्वर. वरची चकाकी त्यानंतर चढते, कारण आघाताची शक्ती उंच कंपनांपर्यंत पोचायला क्षणाचा काही भाग लागतो. तोवर स्टिक निघून गेलेली हवी. रेंगाळली तर चकाकी उमलायच्या आतच मरते. ‘टेकव आणि सोड’चा अर्थ मला तिथे कळला. क्रॅश देताना सरांचा हात काठाला तिरका घासून निघून जातो. राईडवर स्टिकचं टोक, क्रॅशला तिचा खांदा, आणि मधल्या घुमटावर मारलं की घंटेसारखा स्वच्छ नाद.

जाझमध्ये लय चालवायचं काम सिंबलकडे आलं त्याला दोन ड्रमर विशेष कारण आहेत. 1930 च्या दशकात काउंट बेसीच्या वाद्यवृंदात जो जोन्सने लय हाय-हॅटवर नेली. पायाने उघडझाप होणारे ते दोन सिंबल त्याच्या हाताखाली श्वास घेऊ लागले. 1940 च्या आसपास केनी क्लार्कने ती राईडवर आणली. त्याआधी ड्रमर बास ड्रमवर चारही मात्रा ठोकत असे. क्लार्कने पाय मोकळा केला, तो अवचित ठोक्यांसाठी राखला, आणि गाणं चालवायचं काम त्या सलग ‘डिंग, डिंग-अ-डिंग’ला दिलं. ड्रमर टोनी विल्यम्स 1963 मध्ये डेव्हिसच्या चमूत आला तेव्हा 17 वर्षांचा होता. त्याची राईड ऐकावी. ती मुलगी त्याच वयाच्या आगेमागे आहे, हे मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

रॉकमध्ये सिंबल म्हणजे गोंगाट, असं जाझवाले म्हणतात. हल्लीच्या स्टेजवर दर ओळीच्या डोक्यावर क्रॅश कोसळतो तेव्हा मलाही थकायला होतं. पण मग सरांनी चार्ली वॉट्स वाजवून दाखवला. रोलिंग स्टोन्सचा हा ड्रमर जाझच्या प्रेमातला. हाय-हॅटवर एका मापाचे आठ ठोके चालू असतात. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला डावा हात स्नेअर ड्रमवर पडतो, नेमका तेव्हा वॉट्सचा उजवा हात हाय-हॅटवरून उठतो. तो ठोका गाळलेला असतो. सरांनी आधी सगळे ठोके घेऊन वाजवलं, मग गाळून. दुसऱ्या वेळी स्नेअर एकटा, उघडा ऐकू आला आणि सगळी चाल मागे रेलून डुलायला लागली. बीटल्सचा रिंगो स्टार अर्धवट उघड्या हाय-हॅटवर आवाज लोळवतो. 1973 मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रमर अर्ल यंगने दोन मात्रांच्या मध्ये हाय-हॅट उघडायची जी पद्धत रूढ केली, तिच्यावर पुढे अख्खं डिस्को नाचलं. रॉक गायक पीटर गॅब्रिएलने 1980 च्या आपल्या अल्बमवर ड्रमरना सिंबलची बंदीच केली होती. ते ध्वनिमुद्रण ऐकलं की सिंबल एरवी केवढी जागा व्यापतो ते लक्षात येतं.

आणि आपला तालवादक त्रिलोक गुर्टू. ठुमरीगायिका शोभा गुर्टूंचा मुलगा, मुंबईत जन्मलेला, गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनच्या त्रयीत वाजवलेला. तो झंकारणारी तबकडी पाण्याच्या बादलीत बुडवतो आणि स्वर मींडेसारखा खाली घसरतो. सरांनी हे नुसतं हाताने हवेत दाखवलं. त्या वेळी त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

मुलगी आता वॉट्सचा ठोका गाळायचा प्रयत्न करत होती. उजवा हात सवयीने खाली येत होता आणि सर चौथ्या मात्रेला तिचं मनगट अलगद धरून ठेवत होते. मग तिला पुन्हा राईडवर आणलं आणि मेट्रोनोम 60 वर लावला.

"इतका हळू?"

"दोन ठोक्यांमध्ये आवाज किती उरतो ते ऐक. तो विझायच्या आत पुढचा ठोका ठेव."

"आणि हाय-हॅट पायाने?"

"पायाने. दोनवर आणि चारवर. पोटरी भरून येईल, येऊ दे."