हातघडणीच्या सायकलीचें मोल

माळ्यावर किंवा जिन्याखालीं वर्षानुवर्षें पडून राहिलेली सायकल बाहेर निघाली म्हणजे घरांत दोन पक्ष पडतात. ती भंगारवाल्यास देऊन जागा मोकळी करावी, असें एका पक्षाचें म्हणणें. तिला झकास रंग देऊन नवी करावी, असें दुसऱ्याचें. बहुतेक सायकलींच्या बाबतींत यांपैकीं कोणताही पक्ष जिंकला तरी फारसें बिघडत नाहीं. पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर एके काळीं ज्या रॅले, हर्क्युलिस आणि बी. एस. ए. सायकली धांवत, त्या इंग्लंडमधील मोठमोठ्या कारखान्यांत लाखांनीं तयार होत. एकीचा सांगाडा दुसरीसारखाच. एक गेली तर तिच्यासारख्या हजार शिल्लक. परंतु त्याच इंग्लंडांत, त्याच काळीं, सायकलीची एक निराळी जात जन्मास येत होती. गिऱ्हाइकाच्या पायांचीं व हातांचीं मापें घेऊन, लहानशा दुकानामागील खोलींत, एकदोन कारागीर ती हातानें घडवीत. अशा सायकलीला भंगारवाला आणि रंगारी हे दोघेही घातक असतात. त्यांतही रंगारी अधिक. कारण भंगारवाल्याकडून एखादी वस्तु परत मिळूं शकते, रंगाऱ्यानें खरवडून टाकलेलें मात्र कोणासही परत मिळत नाहीं.

ही सायकल कोण विकत घेत असे, हें कळल्यावांचून तिचें मोल कळत नाहीं. दोन महायुद्धांमधील काळांत आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कांहीं वर्षांत इंग्लंडमध्यें गांवोगांवीं सायकलस्वारांचीं मंडळें होतीं. कारकून, गिरणीकामगार, दुकानांतील नोकर असे त्यांचे सभासद. सार्वजनिक रस्त्यावर घोळक्यानें शर्यत लावण्यास तेथील राष्ट्रीय संघटनेची मनाई होती; म्हणून एकेक स्वार एकेक मिनिटाच्या अंतरानें सुटे आणि घड्याळाशीं झुंज घेई. या शर्यती भल्या पहाटें होत, आणि लोकांचें लक्ष वेधूं नये म्हणून स्वार काळे कपडे घालीत. अशा तरुणाजवळ बहुधा एकच सायकल असे. सोमवारपासून ती त्याला कामावर नेई. शनिवारीं रात्रीं तिचे मडगार्ड आणि दिवे उतरत, आणि रविवारीं तीच शर्यतींत धांवे. सबब ती हलकी हवी आणि दणकटही हवी. या दोन परस्परविरोधी मागण्यांतूनच हातघडणीच्या सांगाड्याची सारी विद्या निर्माण झाली.

हलकेपणाचें रहस्य नळींत आहे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनीं १८९७ सालीं एका सहकाऱ्यासह एका साध्या पण मार्मिक युक्तीचें पेटंट घेतलें. सायकलीच्या नळीवर ताण येतो तो मुख्यतः टोकांस, सांध्यांजवळ. जोडकामाच्या उष्णतेनें नळी दुबळी होते तीही तेथेंच. मग मधला भाग उगीच जाड ठेवण्याचें कारण काय? रेनॉल्ड्सची नळी बाहेरून एकसारखी दिसे, पण आंतून टोकांकडे जाड आणि मध्यें पातळ असे. पुढें १९३५ सालीं याच कंपनीनें मँगेनीज व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची ‘५३१’ या नांवाची नळी बाजारांत आणली, आणि पुढील कित्येक वर्षें उत्तम सांगाडा म्हणजे ५३१ चा सांगाडा, असें समीकरणच होऊन बसलें. या नळीच्या भिंतीची जाडी टोकांस सुमारें ०.९ मिलिमीटर आणि मध्यें अवघी ०.६ मिलिमीटर असे. म्हणजे दोनतीन पोस्टकार्डें एकावर एक ठेवलीं तर होईल तेवढी. हा आंकडा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

दुसरी विद्या सांध्याची. नळ्यांचीं टोकें जेथें मिळतात तेथें पोलादाचा एक पोकळ जोडतुकडा बसवितात. इंग्रज कारागीर त्यास ‘लग’ म्हणतात. सांधा सुमारें ९०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून त्यांत पितळेची झाळ देतात. पोलाद वितळत नाहीं. पितळ मात्र वितळून नळी आणि लग यांमधील केसाएवढ्या फटींत ओढलें जातें, जसें दिव्याच्या वातींत तेल चढावें तसें. उष्णता कमी पडली तर पितळ अर्ध्यावरच थांबतें आणि सांधा वरून भरलेला पण आंतून रिकामा राहतो. ती अधिक झाली तर पातळ नळीचा जीवच जातो. कुशल कारागीर तापलेल्या पोलादाचा रंग पाहून हात आवरीत असे. चांदीमिश्रित झाळ याहून पुष्कळ कमी उष्णतेंत वाहते, म्हणून अतिशय पातळ नळ्यांसाठीं ती वापरीत. पण ती महाग, आणि तिला फट अगदीं नेमकी लागे.

झाळ देण्याआधीं लगला कानस लागे, आणि येथें कारागिराचा स्वभाव प्रकट होई. कोणी कडा नुसत्या पातळ करी, कारण जाडीचा एकाएकीं शेवट झाला म्हणजे तेथेंच ताण सांचतो. कोणी मात्र त्या कडांतून शालीच्या पदरावरील कोयऱ्या आठवाव्यात अशा वेलबुट्ट्या कापी. उत्तर लंडनच्या टॉटनहॅम भागांत हायमन हेचिन या रशियांतून आलेल्या गृहस्थाचें दुकान होतें. जॅक डेनी हा तेथील प्रमुख कारागीर. ‘हेचिन्स’ सायकली अशा लगबद्दल नांवाजल्या गेल्या, आणि त्याहूनही मागच्या चाकाकडे जाणाऱ्या त्यांच्या नागमोडी नळ्यांबद्दल. या वळणांमुळें रस्त्याचे धक्के शोषले जातात, असा विक्रेत्याचा दावा असे. त्यावर अभियंत्यांनीं वाद घालावा. एक गोष्ट निश्चित कीं, हेचिन्स शंभर पावलांवरून ओळखूं येई. ब्रॅडफर्डच्या बेन्स यांच्या एका सायकलीचा सांगाडा इतका विलक्षण होता कीं तिला ‘उडतें फाटक’ असें टोपणनांव पडलें. हौशी शर्यतींच्या छायाचित्रांत सायकलीवरील नांव झळकवून जाहिरात करण्यास बंदी असल्यामुळें कारागिरांनीं आकारालाच आपली सही बनविलें, असें या विचित्र आकारांचें एक कारण सांगितलें जातें.

आतां असा एखादा सांगाडा हातीं आला, तर त्याचें मोल कसें करावें? पहिलें काम ओळख पटविण्याचें. मागचें चाक ज्या खांचांत बसतें त्यांवर, पायडलांच्या आंसाभोंवतालच्या नळीच्या तळाशीं, किंवा सीटखालच्या सांध्यावर ठोकलेला क्रमांक शोधावा. पुष्कळ कारागीर तोच क्रमांक पुढच्या फोर्कच्या दांडीवरही ठोकीत. दोन्ही जुळले तर फोर्क मूळचाच आहे हें सिद्ध होतें, आणि फोर्क मूळचा असण्यानें किमतींत मोठा फरक पडतो. इंग्लंडांत १९५५ सालीं स्थापन झालेल्या व्हेटरन-सायकल क्लबांत एकेका जुन्या बनावटीचा कसून अभ्यास केलेले सभासद आहेत. क्रमांकावरून सांगाड्याचें साल ठरविण्यास अशांचा उपयोग होतो.

नांवाच्या चिठ्ठीवर एकट्या विसंबूं नये. ‘५३१’ ची चिठ्ठी कोणासही चिकटवितां येते. नळीची जाडी मात्र खोटें बोलत नाहीं. सीटची दांडी जींत उतरते त्या नळीचा बाहेरचा व्यास बहुधा २८.६ मिलिमीटर असतो. तींत २७.२ मिलिमीटरची दांडी नीट बसली, तर भिंत ०.७ मिलिमीटरची, म्हणजे नळी वरच्या दर्जाची असें अनुमान निघतें. दांडी २६ मिलिमीटरच्या आसपासची लागली, तर चिठ्ठी कांहींही म्हणो, नळी जाड आणि साधी. पायडलांच्या कपांचे आटेही बोलके असतात. ब्रिटिश पद्धतींत चेनच्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात. इटालियन आणि जुन्या फ्रेंच सांगाड्यांत साधारणतः दोन्ही बाजूंचे सरळ. हें न जाणतां पाना फिरविणारा मिस्त्री जोर वाढवीत जातो आणि शेवटीं आटे मोडतो.

मग प्रकृति पाहावी. समोरून आदळलेल्या सायकलीचा पुरावा हँडलच्या नळीच्या किंचित् मागें, दांड्याच्या व तिरप्या नळीच्या खालच्या अंगास मिळतो. तेथें बोट फिरवितांच बारीक लाट लागते किंवा रंगाला आडवी चीर दिसते. सांगाडा सरळ आहे कीं नाहीं, हें एका दोऱ्यानें कळतें. मागच्या एका खांचेस दोरा बांधून तो हँडलच्या नळीस वळसा घालून दुसऱ्या खांचेकडे आणावा, आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचें अंतर मोजावें. तें सारखें भरलें पाहिजे. यापुढें पाहावयाचें तें नंतर केलेलें डागडुजीचें काम: तारा अडकविण्यासाठीं मागाहून चिकटविलेल्या घोड्या, नव्या गिअरसाठीं कापलेली खांच. जुन्या सांगाड्यांत मागच्या चाकाची जागा सुमारें ११४ किंवा १२० मिलिमीटर असते आणि आधुनिक चाक १३० मिलिमीटर मागतें. म्हणून फाटे ओढून रुंद केलेले पुष्कळदां आढळतात. हें सारें वाईटच असें नव्हे. ज्यानें ती सायकल तीस वर्षें चालविली त्यानेंच कदाचित् तें करविलें असेल, आणि तोही तिच्या चरित्राचाच भाग ठरतो.

खरा वाद रंगाचा आहे. दोन सारखेच सांगाडे समोर ठेवले आहेत अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. एकाचा मूळ रंग विटलेला, जागोजाग टवके उडालेले, पण कारागिराच्या नांवाची चिठ्ठी अर्धीअधिक शाबूत आणि लगच्या कडेनें ओढलेली सोनेरी रेघ अजून दिसणारी. दुसरा खरवडून आरशासारखा रंगविलेला. सामान्य माणूस दुसऱ्याकडे हात नेईल. जाणता संग्राहक पहिल्यास अधिक किंमत देईल. यांत कांहीं विक्षिप्तपणा नाहीं. पहिल्यावरून मूळ रंग कोणता होता, चिठ्ठी कोणत्या सालच्या नमुन्याची होती, रेघ हातानें ओढली होती कीं छापली होती, हें सारें वाचतां येतें. दुसऱ्यावरून एवढेंच वाचतां येतें कीं, अलीकडे कोणी तरी रंगावर पैसा खर्च केला.

शिवाय नुकसान केवळ रंगाचें होत नाहीं, आणि येथें तो मघाचा ०.६ मिलिमीटरचा आंकडा आठवावा. जोरदार वाळूचा झोत किंवा फिरतें घासचक्र त्या पातळ भिंतीवर चाललें म्हणजे गंजाबरोबर पोलादही जातें. क्रोमचा मुलामा चकचकीत यावा म्हणून आधीं जी घासाई करितात, तींत लगच्या त्या वेलबुट्ट्यांच्या धारा बोथट होतात. डेनीसारख्या कारागिरानें कानशीनें दिवसभर खपून जें साधलें असेल तें घासणारा पांच मिनिटांत सपाट करितो. आजकाल भट्टींत वितळवून चढविण्याच्या भुकटीच्या रंगाची फार चलती आहे. तो टिकतो उत्तम, पण त्याचा थर जाड असतो, आणि बारीक लगवर तो दिला म्हणजे नक्षीदार मूर्तीवर शेंदराचीं पुटें चढल्यासारखें दिसतें.

तेव्हां पहिला उपाय सौम्यच असावा. कोमट पाणी, सौम्य साबण आणि जुनें मऊ कापड एवढ्यानें जें निघतें तें पाहून पुष्कळांस आश्चर्य वाटतें. काळा म्हणून समजलेला सांगाडा गडद निळा निघतो. चिठ्ठ्यांवर मात्र पाणीही जपून लावावें. उघड्या पडलेल्या पोलादावरचा गंज ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणानें सैल होतो. हातमोजे घालून तें लावावें, मग स्वच्छ धुवून ताबडतोब वाळवावें आणि मेण चढवावें. नळ्यांच्या आंतही तेलाचा हात फिरावा, कारण सायकलीस खरा गंज खातो तो आंतून. अॅल्युमिनियमची दांडी पोलादी नळींत वर्षानुवर्षें राहून चिकटलेली असली, तर हातोडी उचलूं नये. गंज सोडविणारें तेल रोज थोडें सोडून आठपंधरा दिवस वाट पाहावी. या कामांत उतावळेपणानें जितके सांगाडे मेले तितके अपघातांत मेले नसतील.

तथापि मूळपणाचें हें व्रत अंधपणें पाळण्यांतही अर्थ नाहीं. रंग पार गेला असेल आणि गंज पुढें चालला असेल, किंवा मधल्या एखाद्या मालकानें घरगुती ब्रशानें हिरवा रंग फांसलेला असेल, तर नव्या रंगास कोणाचीच हरकत नसावी. पिचलेली नळी काढून तेथें नवी झाळणारे कारागीर अद्यापि आहेत, आणि ज्या सायकलीवर बसतां येत नाहीं तिला बसण्याजोगी करणें हा कांहीं अपराध नव्हे. फक्त काम सुरू करण्यापूर्वीं सर्व बाजूंनीं छायाचित्रें घ्यावींत, चिठ्ठ्यांचीं मापें आणि जागा लिहून ठेवाव्यात, आणि मूळ रंग कोणता याचा शोध घ्यावा. तो बहुधा तेथें सांपडतो जेथें ऊन आणि हात पोंचत नाहींत: हँडलच्या नळीवरील बिल्ल्याच्या मागें, ब्रेकच्या पट्टीखालीं, पायडलांच्या आंसाच्या नळीच्या कडेस. जपून काम करणारे रंगारी बिल्ल्यामागची ती बोटभर जागा जुन्या रंगासह तशीच सोडतात आणि तिच्यावर बिल्ला पुन्हां बसवितात.