नाकात मांस वाढलंय म्हणतात तेव्हा



दर अंकात लागण, खोडवा आणि काणीबद्दल लिहिणारा माणूस या वेळी नाकाच्या रोगावर लिहितोय, म्हणून कोणी हसेल. पण कारण घरचेच आहे. मुलुंडला राहणारे माझे मावसभाऊ या दुखण्यातून गेले. त्यांच्याबरोबर परळच्या टाटा हॉस्पिटलच्या फेऱ्या मारताना जे समजले, ते आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही.

त्यांची डावी नाकपुडी आठ महिने बंद होती. अधूनमधून रक्त यायचे. मुंबईची हवा, धूळ, सर्दी असे म्हणत थेंब आणि वाफारा चालू. पुढे एका दवाखान्यात 'मांस वाढलंय' म्हणून ते काढले. काढलेला तुकडा मात्र तपासायला गेलाच नाही, आणि आम्हीही विचारले नाही. चार महिन्यांत नाक पुन्हा बंद! मग टाटाला तुकडा तपासला, तेव्हा सार्कोमा निघाला.

गालाच्या हाडात, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये हवेच्या पोकळ्या असतात. त्यांना सायनस म्हणतात. जागा रिकामी, त्यामुळे गाठ बरीच वाढेपर्यंत दुखत नाही. इथले बहुतेक कॅन्सर आतल्या अस्तराचे असतात. वर्षानुवर्षे लाकडाचा भुसा किंवा चामड्याची धूळ नाकात जाणे हे त्याचे एक सिद्ध कारण आहे. सार्कोमा वेगळा. तो स्नायू, रक्तवाहिनी, मज्जातंतू अशा भागांतून उठतो. सुश्रुतसंहितेत 'मांसार्बुद' हा शब्द आहे, आणि सार्कोमा या ग्रीक शब्दातही मांसच आहे. मोठ्या माणसांच्या शंभर कॅन्सरमध्ये असा मऊ मांसाचा एखादाच, आणि त्यातही नाकातला फारच विरळा. गावच्या डॉक्टरला जन्मात एकही दिसणार नाही, म्हणून त्याला दोष देऊन उपयोग नाही.

लहान मुलांत होणारा स्नायूचा प्रकार झपाट्याने वाढतो, पण औषधांना आणि किरणांना बऱ्यापैकी दाद देतो. भावाच्या गाठीत स्नायू आणि मज्जातंतू, दोन्हींचे गुण होते. हा प्रकार वेगळा म्हणून २०१२ साली प्रथम ओळखला गेला. तो बायकांत जास्त, वाढतो सावकाश, अंगात दुसरीकडे क्वचितच जातो. पण थोडा राहिला तर तिथेच परत येतो. भावाचे ऑपरेशन नाकातून दुर्बीण घालून झाले, नंतर किरण दिले. आता ठरल्या तारखेला तपासणी असते.

लाल कूज आपण कशी ओळखतो? वरून ऊस हिरवा दिसतो. उभा चिरला की आत तांबडे आणि मध्ये आडवे पांढरे पट्टे. इथेही तसेच. स्कॅनवर गाठ किती पसरली ते कळते, जात कळत नाही. त्याला तुकडाच लागतो. तुकडा काढला की रोग पसरतो ही समजूत पुष्कळांची आहे. माझीही होती. तिच्यापायी आमचे दोन आठवडे गेले.

दोन्ही नाकपुड्या आळीपाळीने चोंदतात ती बहुधा सर्दी किंवा ॲलर्जी. एकच बाजू तीन आठवड्यांवर बंद, तिकडूनच रक्त, गाल बधिर किंवा सुजलेला, वरचा दात हलतोय, डोळा पुढे आलाय किंवा एकाचे दोन दिसतात, तर नाक-कान-घसा डॉक्टर गाठावा. २०२१ सालची काळी बुरशी आठवत असेल; तिचीही लक्षणे याच जागी होती, आणि मधुमेहवाल्यांनी तर एक दिवसही थांबू नये. (पोराच्या एकाच नाकपुडीतून घाण वास येत असेल तर आधी हरभरा किंवा चिंचोका अडकलाय का ते बघून घ्या. घरी चिमटा घालू नका, डॉक्टरकडूनच काढा.)

परळला जाताना जुने रिपोर्ट, स्कॅन, आणि तुकडा आधी तपासला असेल तर त्याच्या काचा व मेणाचा ठोकळा मागून न्यावा. तो ठोकळा रुग्णाच्या कामाचा असतो, लॅबकडे मागायला लाजू नये. मुलुंडला पाहुणे असतील तर स्लो लोकल परळला थांबते; नसतील तर दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करावी. बार्शीलाही नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. रेशनकार्ड आणि आधार बरोबर असू द्या, महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी तिथे विचारतात.

– ऊस विकास अधिकारी